उभ्याने चालवायचं, बसून दुरुस्त करायचं

स्टँड-अप जेट स्कीला सीट नसते. राहून गेलेली नाही, मुळातच ठेवलेली नाही. पुढे बिजागरीवर वरखाली होणारा एक दांडा, दांड्याच्या टोकाला हँडल आणि मागे पाय ठेवायला उघडी खोबण, एवढाच काय तो सुखसोयींचा विभाग. थांबलेली असताना ही होडी माणसाचं वजन तोलत नाही, सरळ कलंडते. त्यामुळे आधी पोहत तिच्यामागे जायचं, पोटावर चढायचं, इंजिन सुरू करायचं, थोडा वेग आला की गुडघ्यांवर, आणखी आला की एक पाय आणि मग दुसरा. म्हणजे उभं राहण्याची सगळी प्रतिष्ठा हँडलवरच्या एका बटणावर अवलंबून. ते दाबल्यावर इंजिन लागलं तर तुम्ही वीर. नाही लागलं तर तळ्यात होडीला लोंबकळलेला एक ओला गृहस्थ.

ही कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाला १९६०च्या दशकात सुचली. त्याला मोटोक्रॉसचा, म्हणजे दगडधोंड्यांतून मोटरसायकल उडवण्याचा नाद होता. पडून पडून अंग सोलल्यावर त्याने असा विचार केला, की पाण्यावर पडलो तर इतकं लागणार नाही. पडूच नये, असा विचार त्याने केल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग बँकेतली नोकरी सोडून तो या कामाच्या मागे लागला आणि १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमचा पहिला नमुना बनवला. आपल्याकडे ही हकीकत ‘बँकेतली नोकरी सोडून’ इथेच संपली असती, पुढचं कुणी ऐकून घेतलं नसतं. तिकडे ती पुढे गेली आणि १९७३ साली कावासाकीने ‘जेट स्की’ या नावाने हे वाहन बाजारात आणलं.

सुरुवातीच्या होड्यांची एक रीत मला फार आवडते. स्वार पडला तरी इंजिन बंद पडायचं नाही. होडी मंद गतीने गोल गोल फिरत राहायची आणि मालक पोहत येऊन तिला गाठायचा. पुढे मनगटाला दोरी आली. दोरीची क्लिप स्विचमध्ये अडकवायची, माणूस पडला की क्लिप निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण हिशेब बघा. ऑफिसला जाणारी मोटार दिवसातून दोनदा सुरू होते, सकाळी आणि संध्याकाळी. नवशिक्याच्या हाती लागलेली जेट स्की दुपारभरात डझनांनी वेळा सुरू करावी लागते, कारण जितक्या वेळा पडणं तितक्या वेळा बटण. आणि या सगळ्याचा भार इंजिनाच्या कडेला बोल्टने बांधलेल्या, मुठीएवढ्या जाडीच्या एका मोटरवर. किक नाही, ढकलून स्टार्ट नाही, उतारावर सोडून गिअर टाकणं नाही. पाण्याला उतार नसतो.

इलेक्ट्रिक स्टार्टर जन्मला तोच मुळी कमी कष्टांच्या बोलीवर. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकेतल्या डेटन गावच्या कॅश रजिस्टरच्या कंपनीत होता. दुकानातला गल्ला विजेवर उघडायचं यंत्र त्याने केलं आणि त्यातून त्याच्या लक्षात आलं, की मोटरला क्षणभरच काम करायचं असेल तर ती लहान असली तरी चालते. झेपणार नाही इतका भार द्या, पण लगेच सोडा. हीच युक्ती त्याने मोटारीला लावली आणि १९१२च्या कॅडिलॅकला हँडल मारण्याची गरज उरली नाही. म्हणजे गल्ला उघडायला जितका वेळ लागतो तितका वेळ काम, बाकी विश्रांती, अशा करारावर हे यंत्र नोकरीला लागलं. माझे साडू तेच बटण अर्धा अर्धा मिनिट दाबून धरतात.

साडू मूळचे सांगलीचे. आता ॲरिझोनात, फीनिक्सजवळ चँडलरला असतात. मी चार गल्ल्या पलीकडे. कॉलेजात त्यांच्याकडे यामाहा आरएक्स १०० होती आणि तिला सेल्फ नव्हता. त्यांचा उजवा पाय हाच स्टार्टर, आणि त्या पायाबद्दल त्यांना अजून अभिमान आहे. गाडी गेली, केस गेले, टू-स्ट्रोकच्या धुराची ओढ मात्र राहिली. अशा माणसाने पन्नाशीला आल्यावर जुनी, दोन सिलिंडरची, जपानी बनावटीची टू-स्ट्रोक स्टँड-अप विकत घेतली तर त्यात नवल नाही. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही हात नव्हता. होडी आली तेव्हा ती सुरू होत होती. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

गॅरेजमधलं माझं काम टॉर्च धरण्याचं. लहानपणी वडिलांसाठी धरला, आता साडूंसाठी धरतो. शिव्याही त्याच पडतात: ‘इकडे नाही हो, मी बघतोय तिकडे!’ टॉर्च धरता धरता कान मात्र तयार झाला. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ आलं, की सोलेनॉइडने, म्हणजे बॅटरी स्टार्टरला जोडणाऱ्या स्विचने, आपलं काम केलं, पुढे करंट गेला नाही. बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल, अर्थिंगला गंज चढला असेल, स्टार्टर आतून जळाला असेल. ‘टकटकटकटक’ अशी माळ लागली, तर बॅटरी उतरली. ‘कूं… कूं… कूं’ असा रडवेला सूर म्हणजे बॅटरीत जीव आहे, पण इंजिनाच्या कॉम्प्रेशनपुढे तिचं चालत नाही. ‘घुंईंई’ असा मोकळा, आनंदी आवाज सगळ्यांत फसवा, कारण स्टार्टर एकटाच फिरतोय, इंजिनाला त्याचा पत्ताच नाही. आणि ‘घर्रर्र’ झालं, की साडू डोळे मिटतात. आतमध्ये दात दातांवर घासले जात असतात आणि प्रत्येक दाताची किंमत डॉलरमध्ये असते. काहीच आवाज नाही आला तर आधी मनगटाकडे बघायचं. दोरीची क्लिप चहाच्या कपाशेजारी पडलेली असते.

‘घर्रर्र’चा मालक बेंडिक्स. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखला जाणारा हा छोटा दातेरी गिअर स्टार्टरच्या दांड्यावर आटे पाडून बसवलेला असतो. मोटर झटक्यात फिरली की तो आट्यांवरून पुढे सरकतो, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतो आणि इंजिन फिरवतो. इंजिन पेटून त्याच्यापेक्षा जोरात धावायला लागलं, की तो आपोआप मागे फेकला जातो. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थाचंच हे काम: दोन्हीकडची गाठ घालायची आणि जमलं की पानसुपारी घेऊन बाजूला व्हायचं. मध्यस्थ वेळेत बाजूला झाला नाही तर काय होतं, हे सांगायची गरज नाही.

आता इग्निशन. फ्लायव्हीलला आतून चुंबकं असतात, ती स्टेटरच्या कॉइलभोवती फिरतात, वीज तयार होते. ती काळ्या पेटीतल्या कपॅसिटरमध्ये साठते आणि पिकअप कॉइलने इशारा दिला की एकदम इग्निशन कॉइलमध्ये सुटते. प्लगला ठिणगी पडते ती हजारो व्होल्टची. याला सीडीआय म्हणतात. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडं आधी ही ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल पेटून जोर धरायला वेळ लागतो. किती आधी, हे अंशांत मोजायचं. ते म्हणजे टायमिंग. कंपनी हे टायमिंग बेताचं ठेवते. तिला हजारो गिऱ्हाइकं सांभाळायची असतात, त्यातला कोण कुठलं पेट्रोल भरेल, कोण फाटेपर्यंत रेस करेल, याचा भरवसा नसतो.

साडूंच्या मते हे कंपनीने आपल्यावर दाखवलेल्या अविश्वासाचं लक्षण आहे. म्हणून आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीबाहेरच्यांनी बनवलेले बदली भाग. हा व्यवसाय मोठा गमतीचा आणि जगभर पसरलेला. टेक्ससमधल्या एल पासोत एमएसडीने इग्निशनच्या पेट्यांवर नाव कमावलं, स्लोव्हेनियासारख्या छोट्या देशातली झील्ट्रॉनिक प्रोग्रॅम करता येणाऱ्या पेट्या बनवते. साडूंनी कुणाची पेटी घेतली ते इथे गैरलागू. मुद्दा हा, की तिला वायर लावून टायमिंगचा आलेख आपल्या मनासारखा वाकवता येतो. साडू दिवसभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधतात. त्यांच्या हाती असा आलेख पडला, जिथे कुणी मीटिंग बोलावत नाही, कुणी परवानगी विचारत नाही. रात्री अकराला ते आलेखाची एक टेकडी दोन अंशांनी उचलायचे आणि चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मला हळूच विचारायच्या, ‘पगारवाढ झाली का हो यांना?’

टायमिंग पुढे ओढलं की इंजिनाला खालच्या वेगात जोर येतो, हे खरं. पण बटण दाबल्यावर इंजिन अगदी हळू फिरत असतं. तेव्हाही ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होतो आणि इंजिन उलटा झटका देतं. आरएक्सवाल्यांना ही उलटी किक पायाच्या नडगीवरून ठाऊक असते. इथे नडगी नाही, बेंडिक्स आहे, आणि तो नेमका त्याच क्षणी दात अडकवून उभा असतो. चांगल्या पेट्यांमध्ये सुरू होतानाचं टायमिंग वेगळं, कमी ठेवायची सोय असते. ती सोय माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर असते. साडूंचा विश्वास पहिल्या पानावर.

दात गेले. नवा बेंडिक्स आला. मग साडूंना कळलं, की ताकद पुरती वापरायची तर सिलिंडरचं हेड बदलून कॉम्प्रेशन वाढवायला हवं. वाढवलं. जास्त कॉम्प्रेशनला पंपावरचं साधं पेट्रोल पुरेना, म्हणून रेसिंगचं महागडं पेट्रोल आणलं. तेवढं कॉम्प्रेशन स्टार्टरला झेपेना, म्हणून स्टार्टर तगडा घेतला. तगड्या स्टार्टरला बॅटरी पुरेना, म्हणून बॅटरी मोठी घेतली. मोठ्या बॅटरीचा करंट जुन्या वायरीला सोसेना, म्हणून वायर जाड. जाड वायर सोलेनॉइडच्या छोट्या बोल्टवर नीट बसेना. मग हलकं फ्लायव्हील आलं. कंपनीचं फ्लायव्हील जड असतं, ते कमी वजनाचं केलं की इंजिन चटकन वेग घेतं. पण त्याच जडपणाच्या जोरावर पिस्टन कॉम्प्रेशन ओलांडून जात होता आणि इंजिन मंद गतीला गुमान चालत होतं, हे आम्हाला ते काढल्यावर समजलं. म्हणजे साडूंना समजलं, मला टॉर्चच्या उजेडात नुसतं दिसलं.

यावरचा कळस म्हणजे फ्लायव्हीलची चुंबकं आणि स्टेटर दोन्ही काढून टाकणं. होडीवर वीज तयारच करायची नाही, घरून बॅटरी भरून न्यायची आणि ठिणगीही तिच्यावरच पाडायची. फिरणारं वजन आणखी घटतं, इंजिन सुटल्यासारखं धावतं. या पद्धतीचं अधिकृत नाव ‘टोटल लॉस’. ताईंनी बिल वाचलं आणि काही बोलल्या नाहीत.

इथून पुढे एक विलक्षण दुखणं सुरू झालं. बटण दाबलं की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. बोट उचललं की ‘फट्’ करून एकदा पेटायचं आणि बंद. साडूंना वाटलं आपलं बोट अपशकुनी आहे. कारण साधं होतं. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्ट इतके खाली यायचे, की इग्निशनची पेटी झोपी जायची. बोट सुटताच व्होल्ट वर यायचे, पेटी जागी व्हायची आणि इंजिन थांबता थांबता एखादी ठिणगी पडायची. स्टार्टर आणि इग्निशन एकाच ताटात जेवायला बसवले होते आणि पहिल्या घासाला स्टार्टरच सगळं संपवत होता. त्यावर साडूंनी दाब-सोड, दाब-सोड अशी एक बोटाची लकब बसवली. तबल्याच्या क्लासमध्ये ती कौतुकाची झाली असती.

मधल्या काळात होडी तळ्यात उलटली. उलटलेली स्टँड-अप सरळ करायची दिशा ठरलेली असते, मागे बाणाचं चित्रसुद्धा असतं. चुकीच्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, स्टार्टर ‘टक’ म्हणतो. मग दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी अर्थ करायच्या, नाहीतर पेटीला धक्का बसतो, आणि बटण दाबायचं. दोन्ही भोकांतून पेट्रोल, तेल आणि तळं यांचं मिश्रण पुरुषभर उंच उडतं. टॉर्च धरणाऱ्याने कुठे उभं राहायचं, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी टॉर्च बंद केला. आपल्याकडचे मिस्त्री सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना आडवा धरून स्टार्टर थेट फिरवतात. ठिणग्या उडतात, बघणाऱ्याला मिस्त्री थोर वाटतो. स्टँड-अपचं इंजिन बंदिस्त पोटात असतं आणि त्या पोटात पेट्रोलची वाफ साठते. तिथे हे धाडस म्हणजे शुद्ध गाढवपणा. झाकण काढून आधी हवा खेळू द्यायची, वास गेला की मगच बटण. साडूंनी हे ऐकलं. अंधारात दुसरा इलाज नव्हता.

गॅरेजमध्ये इंजिन लागलंच, तर सोहळा किती वेळाचा? जेमतेम पंधरा सेकंदांचा. हे इंजिन थंड होतं ते मागच्या जेट पंपाने तळ्यातून ओढलेल्या पाण्याने. जमिनीवर पाणी नाही, म्हणून पंधरा सेकंदांपुढे चालवू नका, असं कंपन्या बजावून सांगतात, नाहीतर एक्झॉस्टची रबरं जळतात. आठवडाभराची वेल्डिंग, वायरिंग, बोलणी आणि अबोला, आणि फळ काय, तर निळा धूर आणि पंधरा सेकंद. शेजारचे निवृत्त गोरे आजोबा कॉफीचा मग घेऊन यायचे, धूर बघून मान डोलवायचे आणि इंजिन बंद झाल्यावर विचारायचे, ‘झालं?’

ऑक्टोबरात साडूंनी मला लेक हवासूला नेलं. तिथे जेट स्कीच्या जागतिक स्पर्धा भरत आल्यात. ते गावच मोठं अचाट. रॉबर्ट मॅक्‌कलॉक नावाच्या कारखानदाराला होडीची इंजिनं तपासायला पाणी हवं होतं, म्हणून कोलोरॅडो नदीवरच्या धरणामागे, वाळवंटात, त्याने शहर वसवलं. लोक येईनात, तेव्हा १९६८ साली त्याने लंडनचा जुना पूल चोवीस लाख साठ हजार डॉलरला विकत घेतला आणि त्याचे दगड नंबर घालून इथे आणून पुन्हा उभा केला. ही गोष्ट साडू ताईंना पुन्हा पुन्हा सांगतात. ‘इंजिन तपासायला एकाने शहर बांधलं, मी फक्त गॅरेज अडवलंय.’

काठावर तंबूंची रांग होती आणि प्रत्येक तंबूतून ओळखीचे आवाज. टक. कूं कूं. घर्रर्र. साडूंच्या चेहऱ्यावर माहेरी आल्यासारखं तेज चढलं. शर्यत सुरू होताना प्रत्येक होडीमागे कमरेएवढ्या पाण्यात एकजण होडी धरून उभा असतो, इंजिन आधीच चालू असतं, इशारा झाला की तो सोडतो. पोरं वळणावर अशी कलायची, की कोपर पाण्याला टेकायचं. पण पडत नव्हती. शर्यत संपली की होडी बाहेर, मेकॅनिक बॅटरी काढून चार्जरला लावतो आणि पुढच्या फेरीला भरलेली बॅटरी बसते. टोटल लॉस, हलकं फ्लायव्हील, चढवलेलं टायमिंग, सगळं तिथे शहाण्यासारखं वागत होतं. एकदा सुरू करा, न पडता फेऱ्या मारा, बाहेर या.

एका तंबूत तेलकट टोपी घातलेले म्हातारे मेकॅनिक होते. साडूंनी त्यांना फोनवर आपला टायमिंगचा आलेख दाखवला, फ्लायव्हीलचं वजन सांगितलं, कॉम्प्रेशन सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘दिवसात पडता किती वेळा?’

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुलाकडे पाहिलं.

‘बऱ्यापैकी,’ साडू म्हणाले.

‘मग कंपनीचं इग्निशन परत बसवा,’ म्हातारबाबा म्हणाले आणि कुणाच्या तरी बेंडिक्सकडे वळले.

परतीच्या तीन तासांच्या रस्त्यात साडू गप्प होते. कंपनीचं फ्लायव्हील, स्टेटर आणि पेटी कुठे गेली असेल, हाच एक प्रश्न. मोठ्या कंपन्यांनी टू-स्ट्रोक स्टँड-अप बनवणं आता बंद केलंय, चांगले जुने सुटे भाग नव्या आफ्टरमार्केटच्या भावाने जातात. घरी आल्यावर ताईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोका काढून दिला. तिन्ही वस्तू जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ‘टाकून देणार होते,’ त्या म्हणाल्या, ‘पण खोका चांगला होता.’

पुढचा शनिवार-रविवार बसवण्यात गेला. जुनं हेड, जुनं फ्लायव्हील, जुनं टायमिंग. गॅरेजचं दार उघडलं, झाकण काढून हवा दिली, आजोबा मग घेऊन आले. साडूंनी बटण दाबलं. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. त्यांनी बंद केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा लागलं. तिसऱ्यांदाही. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, ताई चक्क हसल्या.

साडू मात्र कान तिरका करून उभे होते.

‘साडूभाऊ, आवाज जरा मिळमिळीत नाही वाटत?’ ते म्हणाले. ‘दोन अंश. फक्त दोन अंश पुढे घेतलं तर काय बिघडतंय? जरा टॉर्च धरा.’